ऊसतोडीच्या वाटेवर मार्गदर्शक ताई

दसरा-दिवाळी उलटली की आष्टी तालुक्यातील कित्येक वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचे ‘कोयते’ पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस रवाना होतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. या कोयत्यातील स्त्री पुष्कळदा कोवळ्या वयाची नवविवाहिता असते. गावी आशाताई तिच्या दारी येते. फडावरील कोपीत मात्र तिला नावाने ओळखणारे आरोग्य खात्याचे कोणी नसते. विवाहितेला एच.आय.व्ही.चा धोका बहुधा पतीकडूनच संभवतो, आणि त्याविषयी विचारावयाचे कोणाला, हा तिच्यापुढील प्रश्न असतो.

भ्रमणध्वनी मात्र फडावरही पोहोचतो. गावातीलच एखादी थोडी अधिक शिकलेली, तिच्याच बोलीत बोलणारी ताई व्हॉट्सॲपद्वारे हंगामभर तिच्या संपर्कात राहू शकेल. वाचता न येणाऱ्या भगिनीस ध्वनिसंदेश पाठविता येतो. सरकारी रुग्णालयातील चाचणी मोफत असते, गरोदरपणी ती अवश्य करून घ्यावी आणि बाधा आढळल्यास वेळीच औषध सुरू करून बाळाला वाचविता येते, एवढे तिच्या कानी गेले तरी मोठे काम होईल. निरोधचा आग्रह धरणे अनेकींना शक्य नसते. अशा वेळी पतीलाही चाचणीस घेऊन जाण्याचा मार्ग ताईने सुचवावा.

येथे सावधगिरीची नितांत गरज आहे. फोन बहुधा पतीच्या हाती असतो, किंवा सर्व कोपीचा मिळून एकच असतो. म्हणून ‘पाणी आलं का?’ असा एखादा साधा खुणेचा प्रश्न आधी ठरवून घ्यावा. ठरलेले उत्तर आल्याखेरीज पुढील विषय काढू नये. समूहावर सर्वसाधारण माहिती खुशाल द्यावी. पण कोणाची चाचणी झाली, निष्कर्ष काय आला, याचा तेथे उच्चारही नको. समूहात गेलेली गोष्ट टोळीत पोहोचण्यास रात्रही लागत नाही! एच.आय.व्ही.विषयक २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. चाचणीस संमती आवश्यक असून, विश्वासाच्या नात्यातून कळलेली बाधेची माहिती लेखी संमतीविना इतरांस सांगण्यास त्याने मनाई केली आहे.

टोळ्या निघण्यापूर्वीच आशाताईने दोघींची समोरासमोर गाठ घालून द्यावी आणि कारखान्याजवळील चाचणी केंद्राचे नाव ताईजवळ लिहून ठेवावे. औषधोपचाराचा सल्ला ताईने स्वतः देऊ नये. त्यासाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक सांगावा.