मांडणी न बिघडणारी प्रत : पीडीएफ रूपांतराचा पाठ

शाळेच्या संगणकावर सुबक दिसणारी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली असता विस्कटते, हा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. ओळी सरकतात, गुणतक्ता मध्येच तुटतो; विद्यार्थ्याचे नाव एका पृष्ठाच्या तळाशी व त्याचे गुण दुसऱ्याच्या माथ्यावर जातात. असे का होते, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्ड किंवा रायटरच्या फाइलीत मजकूर व मांडणीच्या सूचना असतात. अक्षरांचे आकार, म्हणजे फाँट, सामान्यतः नसतात. ते ज्या त्या संगणकातून घेतले जातात. हवा तो फाँट तेथे नसल्यास दुसरा योजला जातो. त्याच्या अक्षरांची रुंदी निराळी असल्यामुळे ओळही निराळ्या जागी मोडते. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक अक्षराचे पृष्ठावरील स्थान ठरलेले असते व लागणारे अक्षराकार फाइलीतच अंतर्भूत करता येतात. अडोबी कंपनीने १९९३ साली प्रसृत केलेले हे स्वरूप २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले.

रूपांतराचा क्रम असा ठेवावा :

१. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. जुन्या, युनिकोडेतर फाँटातील मजकूर पीडीएफमध्ये दिसावयास शुद्ध दिसला, तरी त्यातून नाव शोधता येत नाही व उतरवून घेताना भलतीच अक्षरे येतात.

२. कागदाचा आकार ए-४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, असल्याची खात्री करावी.

३. वर्डमध्ये 'फाइल', 'सेव्ह ॲज' व तेथे 'पीडीएफ' हा प्रकार निवडावा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये 'फाइल' यादीतील 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' ही आज्ञा योजावी. फाइलीच्या नावाची शेवटची अक्षरे बदलून 'पीडीएफ' लिहिल्याने रूपांतर होत नाही.

४. तयार झालेली प्रत शक्यतो दुसऱ्या संगणकावर वा भ्रमणध्वनीवर उघडून वाचावी. श्रद्धा, ज्ञानेश्वर, कृष्णा अशा नावांतील जोडाक्षरे विशेष लक्षपूर्वक तपासावीत.

५. मूळ फाइल जपून ठेवावी. चूक आढळल्यास दुरुस्ती मुळात करावी व पुन्हा रूपांतर करावे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पीडीएफ मांडणी राखते. मजकुराच्या सत्यतेची हमी देत नाही. मुळात चुकीचे टंकलिखित झालेले नाव तितक्याच निश्चलपणे चुकीचे राहते, आणि दाखल्यावरील अशा एका काना-मात्रेपायी पालकांना पुढे कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात. यास्तव रूपांतरापूर्वी प्रत्येक नाव सर्वसाधारण नोंदवहीशी ताडून पाहणे, हाच या पाठाचा पहिला व शेवटचा नियम होय.

स्वाध्याय : आपल्या वर्गाचा गुणतक्ता पीडीएफमध्ये रूपांतरित करावा. मूळ फाइल व पीडीएफ या दोन्ही प्रती दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडून दिसणारे फरक लिहून काढावेत.