सगळ्यांचं कार्ड

सामायिक कार्ड सुरू करूया असं कोणी म्हटलं, की सगळे आधी विचारतात, पैसे भरणार कोण? ही काळजी फुकटची. भरणारे भेटतात. विचारायचं ते हे, की त्यातून पैसे बाहेर कसे पडणार.

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनला प्रीपेड कार्डं होती. त्यातलं एक आम्ही पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हवर, दांडी तुटलेल्या मगात ठेवलं. हवी त्याने कॉफी घ्यावी, जमेल त्याने पैसे भरावेत. कल्पना अमेरिकेतली. २०११ च्या जुलैत जोनाथन स्टार्क या अ‍ॅप बनवणाऱ्याने आपल्या स्टारबक्स कार्डाच्या बारकोडचं चित्र इंटरनेटवर खुलं केलं होतं. कुठलीतरी अनोळखी माणसं मोबाइलवर ते दाखवून कॉफी घेत आणि दुसरी तितकीच अनोळखी माणसं त्यात पैसे टाकत. शिल्लक किती, ते ट्विटरवर आपोआप जाहीर होई.

आमचंही सुरुवातीला झकास चाललं. मग मगातल्या पावत्या बोलू लागल्या. ‘कॉफी १’च्या जागी ‘व्हेज पफ ६, कोल्ड्रिंक ४, पार्सल’. वेळ ऑफिस सुटल्यानंतरची, आणि कार्ड त्याच सकाळी कोणीतरी भरलेलं. नियम मोडला म्हणावं, तर नियमच नव्हता! कोण ते आम्ही शोधत बसलो नाही. शोधलं असतं तर कॉफी राहिली असती बाजूला आणि मजल्यावर दोन तट पडले असते. पण भरणाऱ्यांनी त्या पावत्या वाचल्या होत्या. कोणी काही बोललं नाही, हात मात्र आखडले.

स्टार्कच्या कार्डाची गतही फारशी वेगळी नाही. एका तरुण उद्योजकाने शिल्लक वाढली की आपल्याला कळवणारा प्रोग्राम लिहिला आणि दुकानात जाऊन त्यातले पैसे स्वतःच्या गिफ्ट कार्डांवर वळवले. एकूण ६२५ डॉलर. वर, ते मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणार म्हणे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय? १२ ऑगस्टला स्टारबक्सने कार्डच बंद केलं. त्या रचनेत शिल्लक सगळ्या जगाला दिसत होती आणि घेणारा कोणालाच दिसत नव्हता. शिवाय कॉफीसाठी टाकलेले पैसे पैसे म्हणूनच उचलता येत होते.

इटलीत नेपल्सला ‘काफे सोस्पेसो’ नावाचा जुना रिवाज आहे. एक कॉफी प्यायची, दोनचे पैसे द्यायचे. दुसरी मागेल त्या गरजूला. तिथे जमा राहते ती कॉफी, आणि ती मागायला गल्ल्यावरच्या माणसासमोर उभं राहावं लागतं.

आम्ही शेवटी कार्ड काउंटरवर देऊन टाकलं. एका वेळी एक कॉफी, पार्सल नाही, दुसरं काही नाही. शिल्लक पाचशेच्या वर जाऊ द्यायची नाही. कितीही दानशूर भेटला तरी ‘पुढच्या आठवड्यात भरा’ म्हणायचं. तुम्हीही असं करणार असाल, तर काउंटरवरच्या दादांना आधी विचारा, कारण हे काम त्यांच्या गळ्यात पडतं आणि ‘आज संपलं’ हे ऐकवण्याचा वाईटपणाही त्यांनाच घ्यावा लागतो. एवढं करूनही गळती थांबली नाही, तर कॅमेऱ्याच्या फंदात पडू नका. मर्यादा पाचशेवरून दोनशेवर आणा.