ऑल-ग्रेन बिअर घरी: पैसे नेमके कशात जातात?

एक्स्ट्रॅक्टच्या चार-सहा बॅच बऱ्या जमल्या की घरी बिअर करणाऱ्याच्या डोक्यात एक हिशोब सुरू होतो. तीन पौंड कोरड्या माल्ट एक्स्ट्रॅक्टची पिशवी १६ ते २० डॉलरला पडते आणि पाच गॅलनला तशा दोन लागतात. उलट माल्ट केलेलं जव सुटं घेतलं तरी पौंडाला दोन डॉलरच्या आसपास मिळतं. मग दुसऱ्याने उकळून, आटवून, वाळवून दिलेल्या साखरेचे पैसे आपण का मोजायचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दुकानातल्या पाटीवर दिसतं तेवढं स्वस्त नाही.

आधी कायद्याचं बोलू. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला मोकळीक मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामा तर थेट २०१३ साली राजी झाले. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा सुट्टीत पुण्याला गेल्यावर भावाच्या गच्चीवर हा प्रयोग करू नका.

एका बॅचचा हिशोब

पाच गॅलनची, म्हणजे साधारण ४८ बाटल्यांची, मध्यम ताकदीची पेल एल धरू. किमती दुकानागणिक बदलतात, पण अंदाज चुकणार नाही. एक्स्ट्रॅक्टने केली तर सहा पौंड कोरडं एक्स्ट्रॅक्ट, रंग-चवीपुरतं थोडं खास माल्ट, दोन-तीन औंस हॉप्स आणि यीस्टचं पाकीट मिळून ४५ ते ६० डॉलर होतात. ऑल-ग्रेनला, म्हणजे थेट दाण्यापासून केली तर, १० ते ११ पौंड माल्ट लागतं, त्याचे २० ते २४ डॉलर. हॉप्स आणि यीस्ट तेच. एकूण ३२ ते ४२. म्हणजे बॅचमागे १५ डॉलरच्या आसपास वाचतात. ५० किंवा ५५ पौंडांचं पोतं ७० ते ९० डॉलरला घेतलं तर आणखी पाच-सहा डॉलर सुटतात. पण मग ते पोतं कोरड्या जागी, उंदीर आणि पोरकिडे यांच्यापासून जपायचं आणि दाणे भरडायची सोयही घरी करायची.

बाटलीच्या भाषेत सांगायचं तर डॉलरभराची बिअर ७५-८० सेंटवर येते. दुकानात चांगल्या क्राफ्ट बिअरचा सहाचा खोका ११ ते १४ डॉलरला मिळतो. खरी बचत तुम्ही एक्स्ट्रॅक्टवर असतानाच केलेली आहे, ऑल-ग्रेन तिच्यात थोडी भर घालतं.

खर्च दाण्याचा नव्हे, पातेल्याचा

एक्स्ट्रॅक्टने करताना बहुतेक जण अडीच-तीन गॅलनच उकळतात आणि उरलेलं पाणी वरून घालतात. पाच गॅलनचं पातेलं, घरची शेगडी आणि सिंकमध्ये बर्फ एवढ्यावर भागतं. दाण्यातून साखर काढायची म्हटलं की सगळंच पाणी त्या दाण्यातून जावं लागतं. दर पौंडाला अर्धा क्वार्ट पाणी दाणे पिऊन बसतात, तासाभराच्या उकळीत एक गॅलन वाफ होऊन जातं. शेवटी पाच गॅलन हवं तर उकळायला साडेसहा घ्यावं लागतं. इथून पुढचा सगळा खर्च या एका आकड्यातून निघतो.

दहा गॅलनचं स्टीलचं पातेलं ९० ते २०० डॉलर. एवढं पाणी घरच्या शेगडीवर उकळेपर्यंत दुपार होते, आणि काचेच्या शेगडीवर तर भरलेलं पातेलं ठेवूच नये, कारण त्याचं वजन ७० पौंडांच्या पुढे जातं. म्हणून प्रोपेनचा बर्नर, ६० ते १२०. तो घराबाहेरच पेटवायचा. गॅरेजचं दार उघडं आहे ही सबब चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वीस पौंडांचं सिलिंडर बदलून आणायला २० ते २५ डॉलर पडतात, त्यात चार-पाच बॅच निघतात. साडेपाच गॅलन उकळता वर्ट सिंकमध्ये लवकर निवत नाही, म्हणून तांब्याच्या नळीचा चिलर, ६० ते ९०. मॅशसाठी, म्हणजे दाणे गरम पाण्यात मुरवून साखर काढण्यासाठी, जाळी बसवलेला दहा गॅलनचा कूलर ९० ते १५०, किंवा त्याऐवजी नुसती जाळीदार पिशवी १५ ते ३५.

बेरीज करा. पिशवी घेतली तरी सव्वादोनशे ते साडेचारशे डॉलर. तीनशे धरले आणि बॅचमागे पंधरा वाचले, तर वीस बॅचनंतर पैसे फिटतात. महिन्याला एक बॅच करणाऱ्याला दीड वर्षाहून जास्त लागेल. तेव्हा बचतीसाठी ऑल-ग्रेनला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच तर चवीवरच्या ताब्यासाठी जा: माल्ट कोणतं, किती, मॅश किती अंशांवर, बिअर हलकी हवी की भरीव, हे सगळं तुमच्या हातात येतं. म्युनिक, राय, स्मोक्ड माल्ट यांची जी निवड दाण्यात मिळते ती एक्स्ट्रॅक्टमध्ये मिळत नाही.

पंधरा डॉलरचा मार्ग

पहिल्यांदा करणाऱ्याने निम्मी बॅच करावी. अडीच गॅलन, २४ बाटल्या. पाच गॅलनचं पातेलं तुमच्याकडे आहेच, शेगडी चालते, बर्फ पुरतो. नवीन खरेदी फक्त पिशवीची.

माल्ट पाच पौंड घ्या, दुकानातच भरडून घ्या. बरीच दुकानं भरडायचे पैसे घेत नाहीत, काही थोडे घेतात. सव्वातीन गॅलन पाणी १५८ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवा, पातेल्यात पिशवी लावून माल्ट ओता, गुठळ्या मोडा. तापमान १५२ च्या जवळ स्थिरावेल. झाकण ठेवून पातेलं जुन्या रजईत तासभर गुंडाळा. शेगडी मात्र आधी बंद करा. १४८ ला बिअर हलकी, कोरडी होते, १५६ ला भरीव. मग पिशवी उचलून चक्का टांगतात तशी टांगायची आणि गॅलनभर गरम पाणी, १७० अंशांच्या वर नाही, हळूहळू वरून सोडायचं. पुढे उकळी, हॉप्स, यीस्ट सगळं तुम्हाला येतंच. बादली, एअरलॉक, सायफन, हायड्रोमीटर, बूच लावायचं यंत्र यातलं काहीही बदलत नाही.

पहिल्या वेळी साखर अपेक्षेपेक्षा कमी निघते. म्हणून अर्धा पौंड कोरडं एक्स्ट्रॅक्ट हाताशी ठेवा. अडीच गॅलनमध्ये ते घातलं की हायड्रोमीटरवर आठ-नऊ अंक चढतात. तीन-चार डॉलरचा हा विमा समजा.

दोन किरकोळ खर्च टाळू नका. एक, भरवशाचा थर्मामीटर, १५ ते ३०. एक्स्ट्रॅक्टमध्ये पाच अंशांची चूक खपते, मॅशमध्ये बिअरच वेगळी होते. दुसरं पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, त्याने बिअरला औषधी वास येतो. ते घालवायला कॅम्पडेनची एक गोळी वीस गॅलनला पुरते, म्हणजे तुम्हाला चतुर्थांश गोळीच लागेल. एक्स्ट्रॅक्टमध्ये खनिजं आधीच असतात, म्हणून तिथे आरओचं पाणी चालून जायचं. मॅशला नुसतं आरओ वापरलंत तर जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड चमचाभर घालावं लागतं. पुडी चार-पाच डॉलरची, वर्षभर पुरते.

चाळीस-पन्नास डॉलरचा पीएच मीटर पुढच्या वर्षी बघा. भरडायचं यंत्र, १०० ते २००, पोती घ्यायला लागाल तेव्हा. विजेवरची एकत्र यंत्रं ३०० पासून हजारापर्यंत आहेत. अपार्टमेंटमध्ये प्रोपेन पेटवता येत नाही त्यांना ती खरंच सोयीची. पण साध्या ११० व्होल्टच्या प्लगवर पाच गॅलन उकळायला वेळ लागतो, हे विकणारा सांगत नाही. हा छंद सोडणारे पुष्कळ असतात. त्यामुळे पातेली, बर्नर आणि चिलर जुन्या बाजारात निम्म्या किमतीत सापडतात. पातेलं जुनं घ्यायला काहीच हरकत नाही, प्लास्टिकच्या नळ्या आणि बादल्या मात्र नव्याच घ्या, कारण ओरखड्यांत जंतू राहतात.

किमतीच्या पाटीवर न लिहिलेला खर्च म्हणजे शनिवार. एक्स्ट्रॅक्टला तीन तास, ऑल-ग्रेनला पाच-सहा, धुण्याभांड्यासकट. शिवाय ओल्या चोथ्याचं काय करायचं ते आधी ठरवा. तो वाळवून, दळून थालीपिठाच्या भाजणीत मूठभर चालतो, कंपोस्टमध्येही जातो. घरात कुत्रं असेल तर हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडी लागू देऊ नका, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात.

मोठं पातेलं घेण्याआधी आणखी एक करा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनचा बिअर शिकवायचा दिवस असतो, मेच्या पहिल्या शनिवारी त्यांची 'बिग ब्रू' असते. त्या दिवशी गावोगावचे क्लब उघड्यावर बिअर करतात. तिथे कूलर, पिशवी आणि विजेचं यंत्र तिन्ही चालू असलेली बघायला मिळण्याची शक्यता चांगली आहे. पाहून या, आणि मग पाकीट उघडा.