माहूरची निद्रा आणि आपली झोप



आपल्या दत्तप्रभूंचा नित्यक्रम लहानपणापासून ऐकत आलो. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, पांचाळेश्वरला भोजन आणि माहूरला निद्रा. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना याचा थोडा अभिमानच आहे, कारण जेवण बीड जिल्ह्यात आणि झोप आमच्या नांदेड जिल्ह्यात! मुद्दा असा की, जे देव क्षणात कुठंही जाऊ शकतात त्यांच्याही दिवसात झोपेला जागा आहे, आणि ती जागा आपण तीर्थ म्हणून पूजतो. मी माहूरला किती वेळा गेलो असेन, पण हा विचार मला साठीला आल्यावर सुचला. तो कसा सुचला, ते आधी सांगतो.

मी बँकेत कारकून होतो, बरीच वर्षं कॅश काउंटरला. २०१६ साली ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी झाली. पुढचे दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. सकाळी शटर उघडायच्या आधी रांग, रात्री हिशोब जुळेपर्यंत आत. त्या वर्षी दत्तजयंती १३ डिसेंबरला आली. म्हणजे सप्ताह बरोबर त्याच गर्दीत. घरच्यांनी म्हणलं, यंदा पारायण राहू द्या, नुसतं दर्शन घ्या. मी कशाचं ऐकतो! पहाटे तीनला उठून पोथी, मग बँक, रात्री मंदिरात भजनाला बारा-साडेबारा. लोक म्हणायचे, "साहेब, तुमची कमाल आहे." ते ऐकून मला आणखी जोर यायचा.

९ डिसेंबर, शुक्रवार. पुढं दुसरा शनिवार आणि रविवार, म्हणून गर्दी दुप्पट. संध्याकाळी कॅश जुळवली तर एक पाकीट कमी. शंभराच्या शंभर नोटा, दहा हजार रुपये. तीनदा मोजलं, तरी तेच. माझ्या शेजारी एक नवा पोरगा होता, नोटा लावून द्यायला मदत करायचा. मी सगळ्यांसमोर त्याला बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. पोरगा रडला नाही, नुसता उभा राहिला. तासाभरानं ते पाकीट सापडलं, बाद झालेल्या हजाराच्या नोटांच्या पेटीत. पेटी मीच भरली होती, वर सहीही माझीच. डुलकीत हात चालत होता.

मी माफी मागितली. तो "असू द्या सर" म्हणला. पण चुकीचं व्हाउचर रद्द करता येतं, बोललेला शब्द नाही. त्या रात्री पोथीपुढं बसलो आणि एक अक्षर वाचवेना.

नंतर पोथीचे नियम नीट पाहिले. गुरुचरित्राच्या सप्ताहात हलका आहार घ्यावा, घोंगडीवर किंवा चटईवर पोथीजवळच झोपावं, डाव्या कुशीवर झोपावं, असं आपले जुने लोक सांगतात. बघा, झोपावं कसं याचा नियम आहे. झोपू नये असा नियम मी तरी ऐकला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत सांगतात की ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं मापात आहे त्याचाच योग दुःख घालवतो. फार झोपणाऱ्याला योग नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही नाही. आपण पहिलं वाक्य पोरांना ऐकवतो आणि दुसरं सोडून देतो.

आयुर्वेदातही तेच. चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. दिवसाची झोप त्यांनी उन्हाळ्यातच चांगली मानली, पण म्हातारे, आजारी, थकलेले यांना सूट दिली आहे. (आमच्या नायगावच्या उन्हात सूट मागायचीही गरज नाही.) डॉक्टर सांगतात की रात्री गाढ झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो. मी कॉमर्सचा माणूस, माझ्या भाषेत सांगतो. यंत्राला घसारा धरावाच लागतो. घसारा न लिहिता ताळेबंद मांडला तर नफा फुगलेला दिसतो, पण यंत्र झिजायचं थांबत नाही. मी तीस-पस्तीस वर्षं असाच ताळेबंद मांडला. निवृत्तीच्या वेळी रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

आता दत्तभक्तांनी विचार करावा अशी गोष्ट. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांचे चोवीस गुरू आहेत. एकनाथ महाराजांनी काशीला शके १४९५ मध्ये पुरी केलेली टीका याच स्कंधावर आहे. त्या गुरूंमध्ये विदेह नगरीची पिंगला आहे. ती गणिका धनाच्या आशेनं दारात उभी राहते, आत जाते, बाहेर येते, अर्धी रात्र सरते. शेवटी तिला वीट येतो, ती आशा सोडते आणि निवांत झोपी जाते. अवधूतांनी तिच्याकडून हे घेतलं की झोप उडवते ती आशा. (आळशी लोक अजगराचं नाव घेतात. पण अजगर गुरू आहे तो मिळेल त्यावर समाधान मानण्याबद्दल, लोळण्याबद्दल नव्हे.)

पिंगलेच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं. मी रात्री कशासाठी जागत होतो? देवासाठी थोडं, आणि "साहेबांची कमाल आहे" यासाठी जास्त. खरा भाव असलेलं जागरण वेगळं, त्याला माझा नमस्कार. माझं तसं नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं भोकर, किनवट करत माहूरला गेलो. रेणुकामातेचं दर्शन घेतलं, दत्तशिखरावर गेलो, देवदेवेश्वरी मंदिरात निद्रास्थानापुढं बसलो. मी हिला मोठ्या उत्साहानं सगळं समजावून सांगितलं, निद्रेचं महत्त्व, उपस्तंभ, पिंगला. ही ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, देवाला झोपायला माहूर आहे. तुमच्या सप्ताहात आमचं माहूर कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी तीनला उठायचो तेव्हा ही माझ्याआधी उठलेली असायची, पाणी तापवायला. सोवळ्याचा स्वयंपाक हिचा. मंदिरात रात्री शेजारती झाली, देव झोपले, की पुरुष घरी जायचे. मागं बायका परातीत भांडी घासत बसायच्या. हे मी इतकी वर्षं पाहत होतो, पण मोजलं कधी नव्हतं.

आता आमच्या सप्ताहात थोडा बदल केला आहे. पोथी पहाटे पाचला. शेजारती साडेनऊला. भांडी पुरुषांनी घासायची, पाळीपाळीनं, वहीत नावं लिहून. वही माझ्याकडं आहे. पहिल्या वर्षी दोघंच आले, तेही कुरकुरत. एका ज्येष्ठांनी "आता दत्ताच्या दारी हेच राहिलं होतं" असंही सुनावलं. गेल्या वर्षी नऊ नावं होती. दहाच्या आत मंदिराचं कुलूप लागतं, आणि ही माझ्याबरोबरच घरी येते.