सुक : उपासमारीचें अन्न व वसंतांतील पक्वान्न

कोरियांत वसंत ऋतूच्या आरंभीं शेताच्या बांधांवर ‘सुक’ नांवाची सुवासिक वनस्पति आपोआप उगवते. चैत्रांत आपण देवास वाहतों त्या दवण्याच्याच वर्गांतील ती होय. पूर्वीं याच सुमारास घरांतील तांदूळ संपे व शेतांतील जव हिरवाच असे. या दिवसांस तेथील शेतकरी ‘जवाची खिंड’ म्हणत. मूठभर पिठांत सुकाचा पुष्कळसा पाला कालवून तो उकडीत व त्यावर ही खिंड ओलांडीत. १९७० नंतरच्या दशकांत दक्षिण कोरिया तांदुळाच्या बाबतींत स्वयंपूर्ण झाला. तथापि सुकाचा मान घटला नाहीं, उलट त्याचें पक्वान्न झालें.

कृति अशी : कोंवळे शेंडेच खुडावे; पुढें पाला कडू व चिवट होतो. ते उकळत्या पाण्यांतून काढून घट्ट पिळावे. वाफवलेल्या चिकट तांदुळांत मिसळून कुटावे, वड्या पाडाव्या व भाजलेल्या सोयाबीनच्या गोड पिठांत घोळाव्या. रस्त्याकांठचा किंवा औषध फवारलेल्या शेतांतील पाला मात्र सर्वथा वर्ज्य करावा.

ज्या तणानें अडचणीच्या दिवसांत कुटुंबें जगविलीं, त्यास सुबत्तेंतहि ताटांत स्थान देणें, ही कृतज्ञता कृषिबंधूंनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.