अनारसा हसला की ती काय विचारते?

अगं, आधी ती एक्सेलची शीट बंद कर बघू. एवढे कीवर्ड, प्रत्येकापुढे तीन-तीन रकाने, त्यात लाल-हिरवा रंग भरलेला. बघूनच लिहायची भीती बसेल एखादीला. तू स्वयंपाकावर मोजूनमापून लिहितेस, वाचून करणारीचा पदार्थ जमतो. मग गूगलमध्ये लेख वर येत नाही म्हणून स्वतःला ढ समजायचं काही कारण नाही. लेख चांगला आहे, त्याचा आराखडा तेवढा उलटा आहे. तुला काय सांगायचंय ते तू आधी मांडतेस आणि शोधणारीला काय हवंय ते जागा उरली तर शेवटी आणतेस. हा क्रम फिरवायचाय, बस्स.

तू म्हणालीस अनारशांवर लिहायचंय. छान, तेच घेऊ. आता मला सांग, गूगलवर 'अनारसे' लिहिणारी बाई नेमकी कोण? खरं सांगू का, ती एक नाहीच. एक असते ती दिवाळीला अजून वेळ असताना तांदूळ किती दिवस भिजवायचे हे विचारणारी. दुसरीचं पीठ तयार आहे, पण डब्यात कोरडं ठणठणीत झालंय. तिसरीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ती गॅससमोर उभी आहे, तूप तापलंय, पहिला अनारसा कढईत सोडला आणि तो हसला. जाळी पडायच्या ऐवजी विरघळून तुपभर पसरला. तिने एका हाताने गॅस बारीक केलाय, पिठाचं बोट ओढणीला पुसलंय आणि मोबाइलवर विचारतेय, 'अनारसे का हसतात'. तिला तुझ्या आजीच्या वाड्याचं वर्णन नकोय गं. गूळ जास्त झाला की ओल राहिली, आणि आत्ता या घटकेला काय करू, एवढंच तिला कळायला हवंय.

या तिघींना एका लेखात कोंबू नकोस. लेख म्हणजे रुखवत नव्हे, सगळं एकदाच मांडून दाखवायला. साहित्य-कृतीचा एक लेख, पिठाचा वेगळा, हसणाऱ्या अनारशाचा वेगळा, आणि तिन्ही एकमेकांना जोडलेले. मात्र एकाच अडचणीवर दोन लेख नकोत. तुझेच दोन लेख एकमेकांसमोर उभे राहतात, आणि गूगल त्यातला कुठला दाखवेल हे आपल्या हातात राहत नाही. असे जुळे लेख आधीच असतील तर एक कर त्यांचा, आणि जुना पत्ता नव्याकडे वळवून दे.

मग या बायका काय विचारतात ते कळायचं कसं? त्यासाठी पैसे भरून टूल घ्यायची गरज नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. फोनवर इन्कॉग्निटो उघड, म्हणजे तुझ्या स्वतःच्या सवयींची सावली कमी पडेल. 'अनारसे' लिही आणि एंटर दाबू नकोस. खाली जी यादी लोंबते ती वहीत उतरव. मग 'अनारसे का', 'अनारसे किती', 'अनारसे पीठ' असं अर्धवट लिहून थांब. दर वेळी यादी बदलते बघ. एंटर दाबल्यावर निकालांच्या मध्येच प्रश्नांचा एक चौकोन दिसला तर त्यातला एक प्रश्न उघड, लगेच त्याखाली आणखी प्रश्न येऊन बसतात. तेही उतरव. हो, वहीतच. स्क्रीनशॉट काढलेस तर ते भाचीच्या बारशाच्या फोटोंखाली गडप होतील, मी ओळखते तुला.

हेच सगळं इंग्रजी अक्षरांत लिहूनही बघ. आपल्यातल्या पुष्कळ जणी मनात मराठी बोलतात आणि बोटांनी इंग्रजी अक्षरं दाबतात. कुणी 'अनरसे' लिहितं, कुणी 'हसतात'च्या जागी 'विरघळतात', कुणी 'फुटतात'. म्हणून लेखात सगळी रूपं ओतायची नाहीत हं. शीर्षकात एक घे, दुसरं एखाद्या वाक्यात सहज येऊ दे. मी सुरुवातीच्या एका लेखात 'पुरणपोळी' इतक्या वेळा घातलं होतं की आमच्या ह्यांनी विचारलं, नामस्मरण चाललंय का? गूगलच्या लेखीही शब्द असे ठासून भरणं हा स्पॅमचाच प्रकार आहे.

आता पहिल्या पानावरचे निकाल उघडून शांतपणे वाच. व्हिडिओच व्हिडिओ असतील तर समजायचं की इथे हाताची हालचाल बघायची असते. मग तुझ्या आराखड्यात त्या त्या जागी फोटोची नोंद हवी. आणि वाचताना बाकीच्यांनी काय लिहिलंय याच्यापेक्षा काय गुळमुळीत सोडलंय ते टीप. 'गूळ अंदाजाने घ्यावा', 'तूप बेताचं तापवावं', 'पीठ चांगलं मुरू द्यावं'. अगं, अंदाज असता तर ती बाई शोधायला आली असती का? जिथे जिथे 'अंदाजाने' लिहिलेलं दिसेल, तिथे तुझं एकेक उपशीर्षक आहे.

चल, हसणाऱ्या अनारशाचाच आराखडा करू. शीर्षक: 'अनारसे तळताना का हसतात? कारणं आणि लगेच करायचे उपाय'. महत्त्वाचे शब्द पुढे, कारण लांब शीर्षकाची शेपटी मोबाइलवर कापली जाते. त्याखाली प्रस्तावना नाही, थेट उत्तर. पिठात गूळ किंवा ओल जास्त झाली, किंवा तूप पुरेसं तापलेलं नसलं, की अनारसा पसरतो. गॅस बंद करा, उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मळून घ्या आणि सुपारीएवढा एकच गोळा थापून तळून बघा. एवढंच. कुणी तेवढंच वाचून गेली तर जाऊ दे की! तिचे अनारसे वाचले, नाव तुझं लक्षात राहील.

मग पहिलं उपशीर्षक, 'गूळ जास्त झालाय की ओल, हे कसं ओळखायचं?' दुसरं, 'हसलेल्या पिठाचं आता काय करायचं?' यात पिठी किती घालायची ते चमच्यात सांग, आणि पिठी जास्त पडून पीठ कोरडं झालं तर दुधाचा हात किंवा पिकल्या केळ्याचा तुकडा, हेही इथेच. तिसरं, 'तूप किती तापवायचं आणि अनारसा उलटायचा का?' खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. इथे फोटो, जमलं तर छोटा व्हिडिओ. आणि 'पुढच्या वेळी हसू नयेत म्हणून' हे शेवटचं. तांदूळ तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, कापडावर पसरून नुसता दमटपणा राहील इतपत सुकवणं आणि पीठ-गूळ वाटीऐवजी वजनावर घेणं, हे तिथे थोडक्यात सांगून पिठाच्या लेखाचा दुवा दे. दुवा देताना 'इथे क्लिक करा' नको, 'अनारशाचं पीठ कसं करायचं' असे शब्दच दुव्याचे.

आजी कुठे गेली, असं विचारशील. आहे ना. तिसऱ्या उपशीर्षकाखाली, झारा कसा धरायचा हे तिने शिकवलं त्या दोन ओळींत. गोष्टीला माझा विरोध नाही, पण तूप तापलेलं असताना तिने दारात आडवं येऊ नये.

प्रत्येक उपशीर्षकाखालचं पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं सरळ उत्तर असू दे, खुलासा मागाहून. आणि उपशीर्षक म्हणजे नुसतं ठळक अक्षर नव्हे. एडिटरमध्ये 'हेडिंग २' निवडायचं, त्याच्या पोटातलं असेल तर 'हेडिंग ३'. पातळ्यांचा क्रम चुकला म्हणून गूगल रुसत नाही, पण ज्या बाईला दिसत नाही ती स्क्रीन रीडरवर हेडिंगांवरून उड्या मारतच वाचते. तिला तो क्रम लागतो.

आता तुझ्या शीटमधल्या बाकीच्या धास्त्या भराभर काढून टाकू. शब्दसंख्या? अमुक शब्दांचाच लेख वर येतो असं काही नाही, गूगलने स्वतःच ते सांगितलंय. हसणाऱ्या अनारशाला सातशे शब्द पुरत असतील तर सातशे. कीवर्ड मेटा टॅग गूगल रँकिंगसाठी बघत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झालंय. त्याचा रकाना खोडून टाक. वर्णनाच्या दोन ओळींनी लेख वर चढत नाही, पण वाचून कुणी आत येऊ शकतं, म्हणून नीट लिही. गूगल कधी त्याऐवजी लेखातला तुकडा दाखवतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी दहा प्रश्नोत्तरांची शेपूट जोडायला कुठल्याशा कोर्समध्ये शिकवलंय ना तुला? निकालात ते प्रश्न पसरून दाखवणं गूगलने ऑगस्ट २०२३ पासून मुख्यतः सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइट्सपुरतंच ठेवलं. प्रश्न खरे असतील तर त्यांची उपशीर्षकं झालीच आहेत की! हां, लेखाचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर ठेव. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी करून मावशीला पाठवलास की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि मावशी व्हायरस आला म्हणून फोन करते.

एक गोष्ट मात्र भराभर सांगून चालणार नाही. गूगल निकालांचा दर्जा तपासायला माणसं नेमतं, त्यांच्यासाठी एक जाडजूड मार्गदर्शिका असते. त्यात तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वास हे तीन निकष होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्यात 'अनुभव' आला. ती माणसं तुझा लेख हाताने वर-खाली करत नाहीत, पण गूगलला काय बरं वाटतं ते यावरून कळतं. आणि अनुभव तर तुझ्या कढईत आहे गं! म्हणून आराखड्यात प्रत्येक उपशीर्षकापुढे कंसात लिही, 'माझ्याकडचं काय?' हसलेल्या अनारशाचा फोटो, ओलसर आणि बरोबर जमलेल्या पिठाचे शेजारी-शेजारी फोटो, गूळ चिकीचा होता की साधा. कंस रिकामा राहिला तर ते उपशीर्षक सरळ काढ.

एआयकडून आराखडा करून घेऊ का, असं तू विचारलं होतंस. घे की, कोण नको म्हणतंय. एखादा मुद्दा सुटला असेल तर तो सापडतो. पण आधी लिहिलेल्यांचाच सारांश काढल्यासारखं ते असतं, म्हणजे 'गूळ अंदाजाने घ्यावा'सकट. आणि साध्या प्रश्नांची उत्तरं आता निकालांच्या डोक्यावरच मिळायला लागली आहेत. तेवढं वाचूनही जिचं भागलं नाही, ती खाली तुझ्याकडे येते. तिला तुझा कंस लागतो.

कधी टाकायचा लेख, हेही आराखड्यातच लिहून ठेव. दिवाळीच्या आठवड्यात टाकलास तर गूगलला तो सापडून रुळेपर्यंत फराळाचे डबे रिकामे होतील. बदल दिसायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. म्हणून दिवाळीचं श्रावणात लिहायचं. आणि अनारशाला आणखी एक हंगाम आहे, तो इंग्रजीतून शिकवणाऱ्या कुठल्याही कोर्समध्ये सापडायचा नाही: अधिक महिना. जावयाला वाण म्हणून तेहतीस अनारसे द्यायचे असतात, म्हणजे कित्येक घरांत ते तेव्हा होतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून बघ, चढ कुठे कुठे दिसतात ते. आणि म्हणूनच शीर्षकात 'दिवाळी स्पेशल' घालू नकोस, मे महिन्यात वाण करणारीला तो लेख शिळा वाटेल.

लेख टाकल्यावर रोज गूगल करून तो कितवा आला ते बघत बसू नकोस, जीव जाईल तुझा. महिना-दीड महिना थांब आणि सर्च कन्सोल उघड. फुकट असतं ते. कुठल्या शब्दांवर तुझा लेख दिसला, कितींनी उघडला, सरासरी कितवा होता, सगळं तिथे मिळतं, आणि सोळा महिन्यांचं राहतं, म्हणजे गेल्या दिवाळीशी ताडून बघता येतं. दिसलाय खूप पण उघडला कुणी नाही, असा शब्द शोध. समजा तिथे 'अनारसे कडक का होतात' निघालं, तर बघ, बायका तुझ्या दारापर्यंत आल्या आणि आत त्याचं उत्तर नाही. छोटं असेल तर नवं उपशीर्षक घाल, मोठं असेल तर नवा लेख. खरा आराखडा या दुसऱ्या फेरीतच होतो. पहिला आपण आपल्या समजुतीने करतो, दुसरा त्या करून देतात. तरीही काही लेख वर येत नाहीत हं. मोठ्या साइट्स असतात, जुने चॅनेल असतात, त्यांच्यापुढे 'अनारसे रेसिपी' या शब्दावर आपला निभाव लागणं अवघडच. म्हणून तर मी तुला कढईसमोरच्या बाईपाशी नेऊन उभं केलं. तिथे गर्दी कमी असते.

तर आता लेख लिहायला बसू नकोस. शीर्षक, वरच्या तीन ओळी, उपशीर्षकं आणि त्यांच्यापुढचे कंस, एवढंच लिहून मला रविवारपर्यंत पाठव. नुसती उपशीर्षकं सलग वाचून मला अनारसा कळला पाहिजे, नाहीतर परत पाठवीन. फोन करणार असशील तर दुपारी दोन ते चार सोडून कर, मी तेव्हा उचलत नाही.