शाळेची एस.टी. पुन्हा कशी आणावी?

महाराष्ट्रात पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्या नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. पुढे एस.टी. खेड्यापाड्यांत गेली. खेड्यातली पोरे तिच्यात बसून मोठ्या गावच्या शाळेत जाऊ लागली.

पण काही गावांची गाडी बंद पडते. २०२० साली कोरोनाची साथ आली. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात थांबलेल्या काही फेऱ्या पुढे सुरूच झाल्या नाहीत.

गाडी बंद पडली की पहिला घाव मुलीवर बसतो. मुलगा सायकलवर जातो. मुलीला बाप म्हणतो, “एवढ्या लांब एकटी कशी जाशील? राहू दे आता शाळा.” आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. हुशार मुलींची नावे अशी पटावरून कमी होताना आम्ही पाहिली आहेत.

मग गाडी आणायची कशी? पारावर बसून नावे ठेवल्याने ती येत नाही. आगारात भांडूनही येत नाही. आगारात हिशेब चालतो. गाडी किती भरते, याला एस.टी.चे लोक ‘भारमान’ म्हणतात. भारमान कमी दिसले की फेरी बंद होते. म्हणून आपणही हिशेबच घेऊन जावे.

१. मोजणी करा. घरोघर जा. कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत किती मुले जातात, ते वहीत लिहा. वाटेवरच्या वाड्या-वस्त्या सोडू नका. बाजाराला, दवाखान्याला जाणारी माणसेही मोजा. शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ लिहा. वेळ चुकली तर गाडी येऊनही उपयोग नाही.

कोणी म्हणेल, “मुलींचा पास मोफत. त्यांना कशाला मोजायचे?” अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे, हे खरे. पण त्या सवलतीचे पैसे सरकार एस.टी.ला देते. म्हणून मुलीही मोजा.

२. ठराव करा. ग्रामसभेत विषय मांडा. ठरावाची नक्कल घ्या. मुख्याध्यापकांचे पत्रही घ्या. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आल्या असतील, तर श्रमदानाने तोडा.

३. अर्ज लिहा. तो असा लिहावा :

मा. आगार व्यवस्थापक यांस,
विषय : शाळेच्या वेळेची एस.टी. पुन्हा सुरू करणेबाबत.
आमच्या गावची सकाळची व सायंकाळची फेरी ...... पासून बंद आहे. गावातून व वाटेवरच्या वाड्यांतून ...... मुली व ...... मुलगे शाळेत जातात. शाळा ...... वाजता भरते व ...... वाजता सुटते. तरी या वेळांना गाडी सुरू करावी, ही विनंती. सोबत मुलांची यादी, ग्रामसभेचा ठराव व शाळेचे पत्र जोडले आहे.
आपले,
(पालकांच्या सह्या)

एक प्रत जिल्ह्याच्या विभाग नियंत्रकांना द्या. सही करताना आयाबायांनी मागे राहू नये.

४. पोच घ्या. आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तोंडी “बघू” म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली विचारा : “आमच्या अर्जाचे काय झाले? फेरी का बंद केली?” फी दहा रुपये. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

५. गाडीत बसा. गाडी आली म्हणजे काम संपले नाही. आपण जीपला लोंबकळून गेलो आणि एस.टी. रिकामी धावली, तर ती पुन्हा बंद होईल. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे. त्याचा लाभ घ्या.

एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. साऱ्या गावाचा अर्ज तसा ठेवणे अवघड. गाव करी ते राव न करी.

सांगा पाहू :
१. भारमान म्हणजे काय?
२. पोच का घ्यावी?
३. तुमच्या गावातून किती मुली बाहेरगावी शाळेत जातात? मोजून वहीत लिहा.